दंगा कोणाचा, भरपाई कोणाला?

तंजावर म्हटले की मराठी माणसाला व्यंकोजीराजे आठवतात, सरफोजीराजांचे सरस्वती महाल ग्रंथालय आठवते, बृहदीश्वराच्या देवळातील लांबलचक मराठी शिलालेख आठवतो. त्याचा अभिमान वाटणे साहजिक आहे. पण कामगार चळवळीतल्या माणसाला तंजावर म्हटल्यावर आणखी एक नाव आठवले पाहिजे. ते नाव म्हणजे कीळवेण्मणी.

हे खेडे आज नागपट्टिणम जिल्ह्यात आहे. तो जिल्हा १९९१ मध्ये वेगळा झाला. १९६८ साली हे गाव तंजावर जिल्ह्यातच होते. कावेरीच्या मुखाकडचा हा भाग म्हणजे तामिळनाडूचे भाताचे कोठार. जमीन थोड्या मिरासदारांची आणि राबणारे हात दलित शेतमजुरांचे. या मजुरांनी लाल झेंड्याखाली संघटना बांधली आणि मजुरीत थोडे जास्त भात मागितले. मिरासदारांनी आपली भात उत्पादकांची संघटना काढली, बाहेरून मजूर आणले आणि झेंडा उतरवा म्हणून दम दिला. झेंडा उतरला नाही. २५ डिसेंबर १९६८ च्या रात्री दलित वस्तीवर हल्ला झाला. जीव वाचवायला एका लहानशा झोपडीत शिरलेली माणसे बाहेरून आग लावल्यामुळे आतच जळून मेली. त्यांची संख्या ४४ होती. बहुतेक स्त्रिया, मुले आणि म्हातारी माणसे.

या घटनेला काय म्हणायचे? सुरुवातीच्या बातम्यांत ती शेतकऱ्यांच्या दोन गटांतली चकमक होती. पोलिसी भाषेत दंगल, जाळपोळ. आम्ही तिला हत्याकांड म्हणतो. कोणी म्हणेल, नावात काय आहे, मेलेली माणसे परत येणार आहेत का? आमचे म्हणणे असे की नावातच सगळे आहे. घटनेला कागदावर कोणते नाव पडते त्यावरून कोण तुरुंगात जाणार, कोण सुटणार, कोणाला भरपाई मिळणार आणि कोणाला नाही हे ठरते. हे नाव ठरवण्याच्या जागी कामगार सहसा हजर नसतो. तेथे फौजदार असतो, मालकाचा वकील असतो आणि विमा कंपनीचा सर्व्हेअर असतो. म्हणून या शब्दांची ओळख प्रत्येक शाखेच्या कार्यकर्त्याला असली पाहिजे.

कायद्यातला दंगा

कायद्यात दंगा फार स्वस्त आहे. १८६० च्या भारतीय दंड विधानाने सांगितले की पाच किंवा अधिक माणसे ठराविक बेकायदा हेतूने एकत्र आली तर तो बेकायदा जमाव. त्या जमावाने, किंवा त्यातल्या एकाने जरी, त्या सामाईक हेतूसाठी बळ किंवा हिंसा वापरली तर जमावातला प्रत्येक माणूस दंग्याचा गुन्हेगार. कलमे होती १४१, १४६, १४७ आणि १४९. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. आता ती कलमे १८९, १९० आणि १९१ अशी झाली. आकडे बदलले, आशय तोच राहिला. साध्या दंग्याला दोन वर्षांपर्यंत कैद. प्राणघातक शस्त्र हाती असेल तर पूर्वी तीन वर्षे होती, आता पाच.

याचा अर्थ गेटसभेला येणाऱ्या प्रत्येकाने नीट समजून घ्यावा. दोनशे माणसे गेटवर उभी आहेत. एकाने दगड मारला. पोलिसांनी जमावाचा हेतू बेकायदा ठरवला आणि तो दगड त्याच हेतूने मारला असे दाखवले, तर उरलेल्या १९९ जणांवरही कलम लागू शकते. सामाईक हेतू सिद्ध करावा लागतो हे खरे. पण ते कोर्टात, काही वर्षांनी. अटक, जामीन, निलंबन हे सगळे त्याच्या आधी होऊन जाते. रेल्वेत तर रुळावर नुसते बसले तरी १९८९ च्या रेल्वे कायद्याचे १७४ कलम आहे. दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ऑक्टोबर २०१६ मध्ये कावेरी व्यवस्थापन मंडळासाठी तामिळनाडूत दोन दिवस रेल रोको झाला. पाण्यासाठी रुळावर बसणारा शेतकरी आणि त्याच्यासमोर गाडी थांबवणारा ड्रायव्हर हे दोघेही कष्टकरीच. पण कायद्याच्या कागदावर एक आरोपी आणि दुसरा साक्षीदार होतो.

इतका स्वस्त दंगा कीळवेण्मणीत मात्र महाग झाला. १९७० मध्ये नागपट्टिणमच्या सत्र न्यायालयाने मिरासदारांचा पुढारी गोपालकृष्ण नायडू आणि त्याचे काही साथीदार यांना दहा वर्षांची शिक्षा दिली. पुढे मद्रास उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. निकालातील एक विचार पुढे देशभर गाजला. आरोपी मोठे जमीनवाले, त्यांतल्या एकाकडे मोटार आहे. असे प्रतिष्ठित लोक स्वतः चालत जाऊन घरे पेटवतील हे पटण्यासारखे नाही, अशा आशयाचा तो विचार होता. त्याच रात्री मिरासदारांच्या बाजूचा एक माणूस मारला गेला होता. त्या खटल्यात मजुरांना शिक्षा झाल्या. कामगारांचा जमाव असला की सामाईक हेतू चटकन दिसतो. मोटारवाल्यांचा जमाव असला की तो दिसेनासा होतो. कायद्याची व्याख्या दोघांना एकच होती. ती लावणारी नजर एक नव्हती.

विम्यातला दंगा

आता दुसऱ्या कागदाकडे वळू. तो म्हणजे विम्याची पॉलिसी. आमच्यातले काही जुने साथी म्हणतात, विमा हा मालकांचा विषय, त्यात आपण कशाला डोके घालायचे? त्याचे उत्तर पुढे येईलच. आधी कागद वाचू.

इंग्लंडमध्ये १७६७ साली एक खटला गाजला. नॉर्विच गावी अन्नधान्य महागले म्हणून लोक उठले आणि एका व्यापाऱ्याचे सातू भिजवण्याचे घर जाळले. विमा कंपनी म्हणाली, आमच्या पॉलिसीत ‘बळकावलेली सत्ता’ यामुळे झालेले नुकसान वगळले आहे. कोर्टाने सांगितले की महागाईने चिडलेला जमाव म्हणजे राज्य बळकावणारी सत्ता नव्हे. कंपनीला पैसे द्यावे लागले. १७८० साली लंडनमध्ये गॉर्डन दंगली झाल्या. लँगडेल नावाच्या दारू गाळणाऱ्याची भट्टी जळाली. त्याच्या पॉलिसीत आणखी एक शब्द वगळलेला होता. तो शब्द ‘सिव्हिल कमोशन’. न्यायमूर्ती लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी त्याचा अर्थ सांगितला: एखाद्या खाजगी वैरासाठी नव्हे तर सर्वसाधारण हेतूसाठी लोकांनी केलेला उठाव, मग तो बंडाच्या पायरीला गेला नाही तरी चालेल. लँगडेल हरला. जाळणारा दोन्हीकडे जमावच होता. पण एका जादा शब्दाने एक जिंकला आणि एक बुडाला.

‘सिव्हिल कमोशन’ला आम्ही मराठीत लोकक्षोभ म्हणू. गमतीची गोष्ट अशी की आपल्या फौजदारी कायद्यात दंग्याची व्याख्या आहे, लोकक्षोभाची नाही. तो शब्द जगला तो विम्याच्या कागदात. आपल्याकडच्या नेहमीच्या आगीच्या पॉलिसीत दंगा, संप आणि खोडसाळ नुकसान यांना संरक्षण असते. पण त्याच पॉलिसीत वगळलेल्या गोष्टींची यादीही असते: युद्ध, परकी आक्रमण, यादवी, बंड, क्रांती, लष्करी सत्ता, आणि ‘लोकउठावाचे स्वरूप धारण केलेला लोकक्षोभ’. म्हणजे लहान दंगा झाला तर पैसे मिळतील. तोच वाढून लोकउठाव झाला असे ठरले तर मिळणार नाहीत. लहान कोठे संपतो आणि मोठा कोठे सुरू होतो याची खूण पॉलिसीत नाही.

२००१ च्या अमेरिकेतील हल्ल्यानंतर आणखी एक भिंत उभी राहिली. दहशतवादाने झालेले नुकसान साध्या पॉलिसीतून बाहेर काढले गेले आणि एप्रिल २००२ पासून त्यासाठी विमा कंपन्यांचा वेगळा सामाईक निधी झाला. जादा हप्ता भरला तर ते संरक्षण. आता त्या वगळण्याच्या कलमातली दहशतवादाची व्याख्या पाहा. कोणत्याही व्यक्तीने वा गटाने राजकीय, धार्मिक, वैचारिक किंवा तत्सम हेतूने, सरकारवर दबाव आणण्यासाठी किंवा जनतेत भय निर्माण करण्यासाठी केलेले कृत्य. सरकारवर दबाव आणणे! मोर्चा काढायचा तो आणखी कशासाठी? हे कलम हवे तसे ताणले तर मोर्च्यातल्या चार फुटलेल्या काचाही त्यात बसवता येतील.

हे नुसते काल्पनिक भय नाही. झारखंडच्या खुंटी जिल्ह्यात २०१० साली पन्नास-साठ सशस्त्र माणसे एका कारखान्यात घुसली. पैसे द्या, स्थानिकांना नोकऱ्या द्या म्हणून त्यांनी नासधूस केली. कारखान्याने दंग्याच्या संरक्षणाखाली भरपाई मागितली. सरकारी विमा कंपनी म्हणाली, हा दहशतवाद. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २०२२ मध्ये नरसिंग इस्पातच्या निकालात कोर्टाने कंपनीचे म्हणणे फेटाळले. वगळण्याचे कलम लागू होते हे सिद्ध करण्याचा बोजा विमा कंपनीवर आहे, आणि पॉलिसीतच व्याख्या दिलेली असताना फौजदारी कायद्यांतल्या दहशतवादाच्या व्याख्या तेथे आणता येणार नाहीत, असा त्या निकालाचा आशय.

हा निकाल मालकाच्या बाजूने लागला. तरी आम्ही तो चांगला मानतो. कारण त्यातले तत्त्व आमच्या उपयोगाचे आहे. एकच घटना फौजदाराच्या कागदात दंगा, मंत्र्याच्या भाषणात दहशतवाद आणि विमा कंपनीच्या पत्रात लोकउठाव होऊ शकते. शिक्षा द्यायची असेल तेथे घटना मोठी दाखवायची. पैसे चुकवायचे असतील तर पॉलिसीत जे नाव वगळलेले असेल ते घटनेला द्यायचे. या खेळाला कोर्टाने थोडा तरी लगाम घातला.

दगडाला विमा आहे, संपाला नाही

आता त्या जुन्या साथींना उत्तर. मालकाच्या पॉलिसीतले संपाचे कलम एकदा शांतपणे वाचा. दंगा आणि संप यांच्या संरक्षणात काय येते? बाहेरून हिंसक रीतीने मालमत्तेची झालेली, डोळ्यांना दिसणारी नासधूस. काय येत नाही? काम पूर्ण किंवा अंशतः बंद पडल्यामुळे, मंदावल्यामुळे किंवा एखादी प्रक्रिया थांबल्यामुळे झालेले नुकसान. मालकाने नफा बुडाल्याची वेगळी पॉलिसी घेतली तरी सर्वसाधारण अट अशी असते की आधी मालमत्तेचे नुकसान झालेले असले पाहिजे आणि त्याचा दावा मान्य झालेला असला पाहिजे.

याचा सरळ अर्थ काय? कोणी चिडून कारखान्याची काच फोडली, मोटार जाळली, तर मालकाचे नुकसान विमा कंपनी भरून देते. आमच्या पोरांवर दंग्याचे कलम लागते ते लागतेच. उलट दोनशे माणसांनी हात बांधून शांतपणे काम थांबवले तर मालकाला पै मिळत नाही आणि दंग्याचे कलमही लावता येत नाही. दगडाला विमा आहे, संपाला नाही. मालकाला दगड परवडतो. शांत संप परवडत नाही. शिस्तीचा संप करा असे आमच्या आधीच्या पिढीचे पुढारी सांगत तेव्हा काही तरुणांना ती नरमाई वाटे. विम्याचा कागद वाचला की कळते, ती नरमाई नसून हिशेब होता.

रेल्वेचे गणित थोडे वेगळे आहे. सरकार आपल्या मालमत्तेचा सहसा विमा उतरवत नाही. डबा जळाला तर भुर्दंड जनतेच्या तिजोरीवर, म्हणजे आपल्यावरच. ८ मे ते २७ मे १९७४ या वीस दिवसांच्या संपाने देश हादरला तो गाड्या जाळल्यामुळे नव्हे. चाक थांबले म्हणून हादरला. आणि तंजावरपासून जवळच, तिरुचिरापल्लीच्या पोन्मलै येथे, ५ सप्टेंबर १९४६ रोजी साउथ इंडियन रेल्वेच्या संपकऱ्यांवर गोळीबार झाला आणि पाच कामगार ठार झाले. तेथेही घाबरवणारी गोष्ट थांबलेले चाकच होती.

आमच्या माणसाच्या हाती काय?

आता आमच्या बाजूचा कागद पाहू. कीळवेण्मणीतल्या झावळ्यांच्या घरांना कोणता विमा होता? गवत, बांबू, झावळ्या यांच्या घराला विम्याच्या भाषेत कच्चे बांधकाम म्हणतात. अशा वस्तीत एजंट पाऊलही टाकत नाही. दंगा की लोकउठाव हा वाद ज्याच्याकडे पॉलिसी आहे त्याचा. त्या ४४ माणसांच्या वारसांपुढे तो प्रश्नच आला नाही. त्यांच्या वाट्याला आला तो गणपतिया पिळ्ळै आयोग आणि १९६९ चा शेतमजुरांच्या रास्त मजुरीचा कायदा. मागितले होते थोडे भात. ते ४४ जीव गेल्यावर कायद्याने मान्य झाले. यापेक्षा महाग हप्ता जगात कोणी भरला असेल असे आम्हाला वाटत नाही.

आज परिस्थिती थोडी बदलली आहे. पुष्कळ कामगारांकडे आयुर्विमा आहे, बँकेमार्फत अपघात विमा आहे. म्हणून दोन-तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

पहिली गोष्ट अपघात विम्याची. आयुर्विम्याची मूळ रक्कम मृत्यू दंग्यात झाला तरी सहसा मिळते. पण अपघाताचा जादा लाभ देणाऱ्या कलमात दंगा आणि लोकक्षोभ यांचे अपवाद असतात. तो अपवाद कसा लिहिला आहे ते पाहा. काही पॉलिसींत ‘दंग्यात भाग घेतल्यामुळे’ झालेली इजा वगळलेली असते, काहींत नुसती ‘दंग्यामुळे’ झालेली. या दोन शब्दरचनांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिलीत दंगेखोर वगळला जातो. दुसरीत ड्यूटीवरून घरी जाताना डोक्यात दगड लागलेला गँगमनही वगळला जातो. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत दोन लाखांचे संरक्षण आहे. आत्महत्या त्यात बसत नाही, पण खुनाने आलेला मृत्यू बसतो, असा सरकारी खुलासा आहे. हे किती जणांना माहीत असते?

दुसरी गोष्ट खास आमच्या खात्याची. रेल्वे कायद्याचे १२३ कलम ‘अनुचित घटना’ कशाला म्हणावे ते सांगते. गाडीत, प्रतीक्षालयात, फलाटावर किंवा स्टेशनच्या आवारात कोणी केलेला दहशतवादी किंवा हिंसक हल्ला, दरोडा, दंगा, गोळीबार, जाळपोळ हे सगळे त्यात आहे. १९९४ च्या दुरुस्तीने १२४-क हे कलम आले. त्यानुसार रेल्वेची चूक असो वा नसो, भरपाई द्यावी लागते. त्या कलमाच्या स्पष्टीकरणात ‘प्रवासी’ या शब्दात ड्यूटीवरचा रेल्वे कर्मचारीही धरलेला आहे. हे वाक्य प्रत्येक शाखेच्या फलकावर मोठ्या अक्षरांत लिहावे. गाडीवरचा गार्ड, तिकीट तपासनीस, फलाटावरचा पॉइंट्समन दंग्यात सापडला तर तो या कायद्याने प्रवाशाइतकाच हक्कदार आहे. मृत्यूची रक्कम १ जानेवारी २०१७ पासून आठ लाख आहे. अर्ज घटनेपासून एक वर्षाच्या आत रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे करायचा. येथे दंगा लहान की मोठा, लोकक्षोभ की दहशतवाद असा घोळ नाही. दंगाही आहे आणि दहशतवादी कृत्यही आहे. आगीच्या पॉलिसीने जी भिंत घातली ती या कायद्याने घातली नाही. म्हणजे मनात असेल तर कायदा असाही लिहिता येतो.

तिसरी गोष्ट. कामातून आणि काम चालू असताना झालेला अपघात, हे शब्द १९२३ च्या भरपाईच्या कायद्यात होते आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आहेत. खून हा अपघात असू शकतो का? सर्वोच्च न्यायालयाने २००० साली एका रिक्षाचालकाच्या प्रकरणात सांगितले की मूळ हेतू माणसाला मारण्याचा नसून दुसरा गुन्हा करण्याचा असेल आणि त्या ओघात तो मारला गेला, तर तो अपघाती खून. ते प्रकरण मोटार वाहन कायद्याचे होते. पण जमावाच्या तावडीत सापडलेल्या ड्रायव्हरच्या, क्लीनरच्या, कंत्राटी हमालाच्या वारसांनी हा निकाल वकिलापुढे ठेवण्यासारखा आहे.

आणि जेथे कसलीच पॉलिसी नाही तेथे? इंदिरा गांधींच्या हत्येनंतर १९८४ मध्ये कोइमतूरला शीख व्यापाऱ्यांची दुकाने लुटली व जाळली गेली. मद्रास उच्च न्यायालयाने १९८९ मध्ये राज्य सरकारला भरपाई देण्याचा आदेश दिला. माणसाच्या जीविताचे आणि उपजीविकेचे रक्षण करणे हे सरकारचे कर्तव्य आहे. ते चुकले तर पैसे मोजावे लागतील, हा त्याचा अर्थ. ज्याच्याजवळ कागद नाही त्याची पॉलिसी म्हणजे राज्यघटना. फक्त तिचा दावा आपोआप मंजूर होत नाही, तो लढून घ्यावा लागतो. कीळवेण्मणीच्या वेळी असे तत्त्व कोर्टात रुजलेले नव्हते. आज ते आहे. झोपडी जळाली तर तिच्यासाठी ते वापरले पाहिजे. दुकानासाठी वापरता येते तसे झोपडीसाठीही येते.

संघटनेच्या दारात आलेले बिल

या विषयाची आणखी एक बाजू आहे आणि तीच आम्हाला सर्वांत जास्त काळजीची वाटते. तामिळनाडूने १९९२ साली मालमत्तेचे नुकसान रोखण्याचा कायदा केला. १९९४ च्या दुरुस्तीने त्यात खाजगी मालमत्ताही आली. मिरवणूक, सभा किंवा आंदोलनात नुकसान झाले तर ते ज्या पक्षाने वा गटाने घडवले त्याच्याकडून वसुली करता येते. २००९ साली सर्वोच्च न्यायालयानेही सर्व देशासाठी मार्गदर्शक सूत्रे घातली. दावे ठरवण्यासाठी आयुक्त नेमावा आणि भरपाईची जबाबदारी प्रत्यक्ष नासधूस करणाऱ्यांबरोबर आंदोलनाच्या आयोजकांवरही टाकावी, असे त्यात आहे.

जाळपोळ करणाऱ्याने पैसे द्यावेत याला आमचा विरोध नाही. पण आयोजक कोण? पत्रकावर सही असते सेक्रेटरीची. सभेची परवानगी असते त्याच्या नावावर. दगड मारणारा कोणी भाडोत्री असेल, मालकाने पाठवलेला असेल, तो पळून जातो. कागदावर नाव उरते संघटनेचे. मालकाच्या मागे विमा कंपनी उभी असते, सरकारच्या मागे तिजोरी. संघटनेच्या मागे असते सभासदांची महिन्याची वर्गणी. आणखी एक विचारतो. आंदोलनात नुकसान झाले तर आयोजकाने भरायचे, हे तत्त्व मान्य केले, तर कीळवेण्मणीत आयोजक कोण होते? त्यांच्या संघटनेकडून कोणी दमडी वसूल केली का? कायदा दोन्ही हातांना सारखा लागणार असेल तर आम्ही तो डोक्यावर घेऊ.

काय करावे

नुसती तक्रार करून उपयोग नाही. आमच्या सूचना अशा.

प्रत्येक मोर्चा, गेटसभा आणि संपाच्या वेळी शाखेने आपले स्वयंसेवक नेमावेत. त्यांची यादी, सभेची वेळ, मार्ग आणि पांगण्याची वेळ लिहून ठेवावी. शक्य असेल तेथे छायाचित्रण करावे. सामाईक हेतू शांततेचा होता हे दाखवणारा कागद आपल्याजवळ असला पाहिजे. आपण लिहिले नाही तर फौजदार लिहील.

दंग्यात सभासद जखमी झाला तर फिर्याद आणि पंचनामा यांतला शब्द वाचल्याशिवाय सही करू नये. तो माणूस ड्यूटीवर होता, दंग्यात सामील नव्हता, हे पहिल्याच जबाबात यावे. नंतर घातलेला शब्द कोर्टात हलका पडतो. स्टेशन डायरी, हजेरीपट आणि दवाखान्याचा पहिला केसपेपर यांच्या नकला त्याच आठवड्यात घ्याव्यात. एक वर्षाची मुदत बघता बघता निघून जाते.

कंत्राटी कामगारांसाठी समूह अपघात विम्याची मागणी करताना फक्त रक्कम मागू नये. वगळण्याचे कलमही मागून घ्यावे, वाचावे आणि बदलून घ्यावे. ‘दंग्यामुळे’ या शब्दाच्या जागी ‘दंग्यात स्वतः गुन्हेगारी भाग घेतल्यामुळे’ असे शब्द आले पाहिजेत. आणि भाग घेतला हे सिद्ध करण्याचा भार कंपनीवर असला पाहिजे. नुसते नाव फिर्यादीत आले म्हणून विधवेचा दावा फेटाळणे हा अन्याय आहे.

मध्यवर्ती फेडरेशनने सरकारपुढे दोन मागण्या ठेवाव्यात. विम्यातील दहशतवादाच्या व्याख्येतून कामगारांचा संप, निदर्शने आणि सामूहिक मागणी स्पष्ट शब्दांत बाहेर काढावी. आणि दंग्यात जळालेल्या कच्च्या घराची व मेलेल्या मजुराची भरपाई मंत्र्याच्या मर्जीवर न ठेवता, रेल्वे कायद्याच्या १२४-क प्रमाणे चूक कोणाची हे न विचारता, ठरलेल्या दराने देणारा कायदा करावा. रेल्वेच्या फलाटावर मेलेल्या माणसाला जो हक्क आहे तो फलाटाबाहेर शंभर पावलांवर मेलेल्या माणसाला का असू नये?

दरवर्षी २५ डिसेंबरला कीळवेण्मणीच्या स्मारकापाशी लाल झेंडे घेऊन कष्टकरी जमतात. ते पाचपेक्षा पुष्कळ जास्त असतात. त्यांचा हेतू सामाईक असतो. तो हेतू काय आहे हे आपणच आपल्या शब्दांत लिहून ठेवू. मजुरी, मान आणि जिवाची हमी. ही मागणी करणाऱ्या जमावाला दंगा म्हणण्याची कोणाची हिंमत होऊ नये, इतकी शिस्त आणि इतकी संख्या आपल्याजवळ असली पाहिजे.